जर्मनव्याप्त नेदरलँड्समधील भूमिगत वृत्तपत्रे (१९४०–१९४५) : स्वरूप, वितरण आणि मोल

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धातील प्रतिकार चळवळींचा विचार करताना उडवून दिलेले रेल्वेपूल, अरण्यातील गनिमी तुकड्या आणि बिनतारी संदेशयंत्रे ही चित्रे आपल्या डोळ्यांसमोर सहज उभी राहतात. युगोस्लाव्हिया किंवा पोलंडच्या संदर्भात ही चित्रे बऱ्याच अंशी खरीही आहेत. परंतु नेदरलँड्ससारख्या देशाला ना डोंगर होते, ना विस्तीर्ण अरण्ये. सपाट भूमी, दाट लोकवस्ती, रस्ते-रेल्वेचे घट्ट जाळे आणि एका बाजूस समुद्र, अशा प्रदेशात सशस्त्र गनिमी लढ्यास भूगोलच प्रतिकूल होता. त्यामुळे तेथील प्रतिकाराने जी प्रमुख रूपे धारण केली, त्यांत भूमिगत वृत्तपत्रांचे स्थान फार वरचे आहे. पाच वर्षांच्या जर्मन अंमलात या छोट्या देशात लहानमोठी मिळून सुमारे १३०० गुप्त नियतकालिके निघाली, असे युद्धोत्तर काळात तयार झालेल्या सूचींवरून दिसते. त्यांतील काही एकाच गल्लीपुरती चक्रमुद्रित बातमीपत्रे होती, तर काहींचा खप युद्धाच्या अखेरीस लाखाच्या घरात पोचला होता.

प्रस्तुत लेखात या वृत्तपत्रांचा उदय, त्यांची निर्मिती व वितरणव्यवस्था, त्यांच्या मर्यादा आणि त्यांच्यासाठी मोजावे लागलेले मोल यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. भूमिगत वृत्तपत्राचे महत्त्व केवळ त्यात काय छापले होते यावरून ठरत नाही. ते हातोहाती पोचविण्यासाठी जी माणसे परस्परांशी जोडली गेली, त्यांवरून ते अधिक ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये ‘ट्राऊ’ या पत्रापुढे उभा राहिलेला पेचप्रसंग या प्रतिपादनाची कसोटी म्हणून पुढे सविस्तर पाहिला आहे.

१. पार्श्वभूमी : वृत्तपत्रे चालू होती, तरीही

१० मे १९४० रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले. १३ मे रोजी राणी विल्हेल्मिना व मंत्रिमंडळ लंडनला गेले, १४ मे रोजी रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाला आणि दुसऱ्या दिवशी शरणागतीच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस ऑस्ट्रियन नाझी नेते आर्थर झाइस-इन्क्वार्ट यांच्या हाती मुलकी कारभाराची सूत्रे आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. नव्या सत्तेने देशातील बहुसंख्य वृत्तपत्रे बंद केली नाहीत. ती पूर्वीच्याच नावाने, पूर्वीच्याच टंकात, सकाळ-संध्याकाळ घरोघरी येत राहिली. बदलला तो मजकूर. कोणती बातमी द्यावी, कोणती गाळावी, कोणती पहिल्या पानावर घ्यावी याच्या सूचना संपादकांना नियमितपणे मिळू लागल्या. ज्यू पत्रकारांना कामावरून दूर करण्यात आले. १९४१ मध्ये पत्रकारांसाठी स्वतंत्र हुकूम काढून हा व्यवसायच सत्तेच्या ताब्यात घेण्यात आला. बंद पडलेले वृत्तपत्र वाचकाला निदान सावध तरी करते. ओळखीच्या चेहऱ्याने येणारे अंकित वृत्तपत्र मात्र त्याला हळूहळू सवय लावते. भूमिगत पत्रांचा जन्म या सवयीविरुद्धच्या अस्वस्थतेतून झाला.

त्यामुळे प्रारंभीच्या काळात बातम्या देणे हे या पत्रांचे मुख्य काम नव्हते. ज्यांच्याकडे रेडिओ होता, ते बी.बी.सी. आणि जुलै १९४० पासून लंडनहून सुरू झालेले ‘रेडिओ ऑरान्ये’ हे केंद्र चोरून ऐकू शकत होते. कमतरता होती ती मताची. शरणागती पत्करली ती सैन्याने, नागरिकांनी नव्हे, हे कोणीतरी देशातच राहून आणि मातृभाषेत सांगण्याची गरज होती.

२. हस्तलिखितापासून वृत्तपत्रापर्यंत

या परंपरेचा आरंभ अगदी साध्या रीतीने झाला. शरणागतीच्या सुमारासच बेर्नार्डस आयझरड्राट या गृहस्थांनी हाताने एक पत्रक लिहिले आणि वाचणाऱ्याने त्याच्या प्रती करून पुढे द्याव्यात, अशी विनंती केली. सोळाव्या शतकात स्पेनच्या सत्तेविरुद्ध लढलेल्या डच बंडखोरांचे ‘ग्यूझेन’ हे नाव त्यांनी आपल्या उपक्रमासाठी घेतले. या नावाभोवती जमलेला गट लवकरच पकडला गेला. १३ मार्च १९४१ रोजी हेग शहरालगतच्या वाळूच्या टेकड्यांत त्यांपैकी १५ जणांना व त्यांच्यासमवेत फेब्रुवारी १९४१ च्या संपातील ३ कार्यकर्त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. या १८ जणांवर कवी यान काम्पर्ट यांनी लिहिलेली कविता पुढे १९४३ मध्ये गुप्तपणे छापून विकली गेली आणि ते पैसे लपविलेल्या ज्यू मुलांच्या पालनपोषणासाठी वापरले गेले. तोवर कवीचेही छळछावणीत निधन झाले होते.

आयझरड्राट यांच्या मागोमाग जुलै १९४० मध्ये फ्रान्स खुडहार्ट या समाजवादी पत्रकाराने ‘पीटर ट हून’ या टोपणनावाने एक बातमीपत्र सुरू केले. हे नावही इतिहासातूनच घेतलेले होते. पीटर ट हून हे अठराव्या शतकातील लोकपक्षीय पत्रकार होते. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, म्हणजे राणीच्या वाढदिवशी, ‘फ्रै नेदरलँड’ (स्वतंत्र नेदरलँड) हे पत्र निघाले. नोव्हेंबर १९४० मध्ये बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाने ‘डे वारहाइट’ (सत्य) सुरू केले. खुडहार्ट यांच्या बातमीपत्रातून १० फेब्रुवारी १९४१ रोजी ‘हेट पारोल’ (परवलीचा शब्द) हे पत्र साकारले. १९४३ च्या प्रारंभी ‘ट्राऊ’ (निष्ठा) हे सनातनी प्रॉटेस्टंट मताचे पत्र त्यांत सामील झाले.

या विविधतेमागे डच समाजाची एक विशिष्ट घडण होती. प्रॉटेस्टंट, कॅथलिक, समाजवादी व उदारमतवादी अशा समूहांच्या शाळा, कामगार संघटना, क्रीडामंडळे आणि वृत्तपत्रे युद्धापूर्वीपासूनच वेगवेगळी होती. एकाच छताला आधार देणारे, परंतु परस्परांना न भेटणारे स्तंभ, अशी उपमा डच अभ्यासक या रचनेला देतात. भूमिगत अवस्थेतही हे स्तंभ पूर्णतः कोसळले नाहीत. ‘ट्राऊ’चा जन्मच मुळी ‘फ्रै नेदरलँड’मधील मतभेदांतून झाला. त्या पत्राची सूत्रे हेंक फान रान्डवाइक या लेखकाकडे आल्यानंतर त्याचा कल युद्धोत्तर सामाजिक नवरचनेकडे झुकला. ते न रुचलेले कॅल्व्हिनपंथी कार्यकर्ते बाहेर पडले व त्यांनी आपले स्वतंत्र पत्र काढले. मृत्युदंडाच्या छायेत वावरणारी माणसे उद्याच्या राज्यघटनेवरून आणि समाजरचनेवरून वाद घालीत होती, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते. परंतु आपल्याला ‘उद्या’ आहे हा विश्वास या वादांतूनच व्यक्त होत होता, असे म्हणता येईल.

३. निर्मिती आणि वितरण

आरंभीचे अंक टंकलेखन यंत्रावर मेणकागद कापून चक्रमुद्रण यंत्रावर काढले जात. शाई, मेणकागद आणि कागदाची रिमे एकाच दुकानातून वारंवार घेणे धोक्याचे असल्याने खरेदी विखरून करावी लागे. पुढे खप वाढला तसे खरे छापखाने या कामात आले. दिवसा लग्नपत्रिका, पावतीपुस्तके किंवा सरकारी नमुने छापणारा मुद्रक रात्री दार बंद करून दुसरेच फर्मे यंत्रावर चढवी. छपाई संपताच खिळे सोडवून खणांत परत टाकले की पुरावा नाहीसा होई. उरत ते छापलेले गठ्ठे. संकटाला खरी सुरुवात होई ती तेथून.

अंक छापणे हे काम चार भिंतींआड होऊ शकते. वितरण मात्र रस्त्यावरच करावे लागते. यासाठी उभारलेली रचना ढोबळमानाने साखळीसारखी होती. मध्यवर्ती गटाकडून जिल्ह्याच्या प्रमुखाकडे, त्याच्याकडून गावच्या वितरकाकडे आणि तेथून दहा-वीस घरांपर्यंत अंक जाई. प्रत्येकाने आपल्या वरचा एक आणि खालचे मोजकेच दुवे ओळखावेत, असा दंडक होता. गठ्ठे रेल्वेच्या पार्सलमधून, सायकलच्या पिशव्यांतून, भाजीच्या टोपल्यांतून, बाबागाडीतील गादीखालून जात. हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया व तरुण मुली करीत. सक्तीच्या मजुरीसाठी पुरुषांची धरपकड वाढल्यानंतर रस्त्यावर पुरुषापेक्षा स्त्रीवर कमी संशय घेतला जाई, हे त्याचे एक कारण. तरीही धोका कमी नव्हता. सशस्त्र प्रतिकारात अग्रभागी असलेली हानी स्खाफ्ट ही तरुणी मार्च १९४५ मध्ये हार्लेम येथील नाकाबंदीत पकडली गेली, तेव्हा तिच्या पिशवीत पिस्तुलासोबत ‘डे वारहाइट’चे अंक होते. मुक्तीला तीन आठवडेही उरले नसताना, १७ एप्रिल १९४५ रोजी तिला ठार करण्यात आले.

या पत्रांना जाहिराती नव्हत्या व वर्गणीदारांची यादी ठेवणे म्हणजे पोलिसांच्या हाती नावे देणे होते. वाचकच देणग्या देत आणि काही पत्रे त्या देणग्यांची पोच सांकेतिक शब्दांत छापीत. देणगीदाराला आपला संकेत अंकात दिसला की पैसे योग्य हाती पोचल्याची खात्री पटे. पावती देता येत नाही आणि नाव सांगता येत नाही, अशा व्यवहारात विश्वासार्हता टिकविण्याची ही साधी पण अचूक युक्ती होती.

१९४३ आणि १९४४ या वर्षांत परिस्थितीने दोन वळणे घेतली. मे १९४३ मध्ये जर्मन प्रशासनाने नागरिकांना आपले रेडिओ संच जमा करण्याचा हुकूम दिला. अनेकांनी ते लपविले. परंतु असंख्य घरांतील बातमीचा स्रोत आटला. आतापर्यंत प्रामुख्याने मत मांडणाऱ्या भूमिगत पत्रांवर बातमी देण्याची जबाबदारी आली आणि लपविलेल्या रेडिओवरून टिपून घेतलेल्या वार्तांची छोटी बातमीपत्रे गावोगावी निघू लागली. दुसरे वळण सप्टेंबर १९४४ चे. लंडनमधील सरकारच्या आदेशावरून रेल्वे कामगारांनी संप पुकारला, दोस्त सैन्याची आगेकूच मोठ्या नद्यांच्या दक्षिणेस थांबली आणि पश्चिमेकडील शहरांत उपासमारीचा हिवाळा सुरू झाला. रेल्वे नाही, वीज नाही, कागद नाही, अशा अवस्थेत एका ठिकाणी छापून देशभर पाठविणे अशक्य झाले. मजकूर तेवढा पाठवावा आणि ज्या त्या भागात तो स्थानिक बातम्यांसह छापला जावा, ही पद्धत तेव्हा रूढ झाली. ‘ट्राऊ’च्या स्थानिक आवृत्त्या मोठ्या संख्येने निघत. पायाने चालविण्याची जुनी मुद्रणयंत्रे आणि हाताने फिरविण्याची चक्रमुद्रण यंत्रे यांनी या काळात विजेवरील यंत्रांची जागा घेतली.

या सर्व तपशिलांतून एक बाब स्पष्ट होते. अंक पोचविण्यासाठी तयार झालेली साखळीच शिधापत्रिका, खोटी ओळखपत्रे आणि लपलेल्यांसाठी पैसे पोचविण्याच्या कामी येऊ शकत होती. ज्या घरी दर पंधरवड्याला अंक जातो, त्या घरावर विश्वास ठेवता येतो हे सिद्ध झालेले असे. अशा प्रकारे वृत्तपत्र हे विश्वासू घरांचा शोध घेणारे साधन बनले. मजकूर वाचून झाल्यावर कागद चुलीत जाई, परंतु ओळख कायम राही.

४. मर्यादा : काय छापले आणि किती

या पत्रांविषयी आदर बाळगूनही त्यांच्या मर्यादांची नोंद घेणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. सर्वांत अवघड प्रश्न ज्यूंच्या हद्दपारीविषयीचा आहे. नेदरलँड्समधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०७,००० च्या आसपास लोकांना हद्दपार करण्यात आले आणि त्यांपैकी जेमतेम ५,००० परतले. पश्चिम युरोपातील कोणत्याही व्याप्त देशापेक्षा हे प्रमाण भीषण होते. जुलै १९४२ पासून वेस्टरबोर्क छावणीतून गाड्या पूर्वेकडे जात होत्या.

भूमिगत पत्रांनी या छळाचा निषेध केला, सहकार्य नाकारण्याचे आवाहन केले आणि लपणाऱ्यांना आसरा देण्याची हाक दिली, हे निर्विवाद आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये ॲमस्टरडॅममधील ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध जो सार्वत्रिक संप झाला, त्याची हाक भूमिगत कम्युनिस्ट पक्षाने चक्रमुद्रित पत्रकातूनच दिली होती. तथापि या प्रश्नाला एकंदर मजकुरात मिळालेली जागा घटनेच्या भीषणतेच्या मानाने पुरेशी होती काय, हा प्रश्न पुढील पिढीच्या इतिहासकारांनी उपस्थित केला आहे. मजुरीसाठी होणारी सक्ती, युद्धाची प्रगती, राजनिष्ठा आणि युद्धोत्तर राज्यव्यवस्था या विषयांनी बरीच पाने व्यापली. संपादक ज्या समाजातून आले होते, त्या समाजाच्या चिंतांचा क्रमच त्यांच्या पानांवर उतरला. सेन्सॉरपासून मुक्त असलेले पत्र आपल्या वाचकवर्गाच्या दृष्टीपासून आपोआप मुक्त होत नाही, हा यातून निघणारा बोध केवळ त्या काळापुरता मर्यादित नाही.

५. ऑगस्ट १९४४ : ‘ट्राऊ’पुढील पेच

भूमिगत वृत्तपत्राला किती मोल द्यावे लागते, याची कल्पना आधीच आली होती. डिसेंबर १९४२ मध्ये ‘हेट पारोल’च्या कार्यकर्त्यांवर खटला चालून १७ जणांना मृत्युदंड ठोठावण्यात आला आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांपैकी १३ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. संस्थापक खुडहार्ट यांनाही मृत्युदंड झाला होता. परंतु त्यांची शिक्षा लांबणीवर पडली व १९४३ मध्ये ते निसटले. या आघातानंतरही पत्र चालू राहिले.

१९४४ च्या उन्हाळ्यात मात्र एक वेगळाच प्रसंग उद्भवला. ‘ट्राऊ’चे अनेक वितरक पकडले गेले होते. जर्मन गुप्त पोलिसांनी पत्राच्या नेतृत्वापर्यंत प्रस्ताव पोचविला : पत्राचे प्रकाशन थांबवा, तुमच्या माणसांचे प्राण वाचतील. नेतृत्वात त्या वेळी सीवर्ट ब्रुइन्स स्लॉट हे संपादनाची आणि विम स्पेलमन हा विद्यार्थीदशेतील तरुण वितरणाची धुरा सांभाळीत होते. त्यांनी प्रस्ताव नाकारला. ९ आणि १० ऑगस्ट १९४४ रोजी फुख्त येथील छावणीत २३ जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

हा निर्णय योग्य होता काय? तो केवळ वीरवृत्तीच्या शब्दांत सांगून या प्रश्नातून सुटका होत नाही. मरण पत्करले ते २३ जणांनी. निर्णय घेतला तो इतरांनी. कैद्यांना मत विचारण्याची सोय नव्हती. दोस्त सैन्ये फ्रान्समध्ये पुढे सरकत होती. मुक्ती काही आठवड्यांवर आली आहे असे अनेकांना वाटत होते. काही आठवडे पत्र बंद ठेवले असते, तर काय बिघडले असते, असे एखाद्या आईने विचारले असते, तर तिला सहज उत्तर देता आले नसते.

तरीही नकाराच्या बाजूचा तर्क समजून घेतला पाहिजे. पहिली बाब अशी की, दिलेला शब्द पाळला जाईल याची कोणतीही हमी नव्हती. दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. एकदा अशी सौदेबाजी मान्य केली, की पकडलेला प्रत्येक कार्यकर्ता हा शत्रूच्या हातातील तारण ठरतो. आज ‘ट्राऊ’चे वितरक, उद्या ‘हेट पारोल’चे, परवा लपलेल्यांना आसरा देणारे. धरपकडीने जे साधले नव्हते, ते ओलीस ठेवून साधता येते, हे सत्तेला कळले असते. तिसरी बाब या लेखाच्या प्रतिपादनाशी थेट संबंधित आहे. पत्र म्हणजे केवळ छापील कागद असता, तर तो काही काळ थांबविणे ही तांत्रिक बाब ठरली असती. परंतु ते शेकडो घरांना जोडणारे विश्वासाचे जाळे होते. संपादकांना पत्र बंद करण्याचा अधिकार होता. त्या विश्वासाचा सौदा करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्यांना वाटले नाही.

या तर्काने दुःख हलके होत नाही. स्पेलमन आपल्या कामावरच राहिला; १९४५ च्या प्रारंभी तोही पकडला गेला आणि फेब्रुवारीत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. इतरांच्या वतीने घेतलेल्या निर्णयाचे ओझे त्याने स्वतःच्या प्राणांनिशी वाहिले. ‘ट्राऊ’ने युद्धाच्या अखेरपर्यंत शंभराहून अधिक कार्यकर्ते गमावले. मूल्यमापन करताना निर्णयाचे समर्थन आणि त्याच्या किमतीची जाणीव या दोन्ही गोष्टी एकत्रच ठेवाव्या लागतात.

६. मुक्तीनंतर : स्वातंत्र्य कोणाचे?

५ मे १९४५ रोजी नेदरलँड्स मुक्त झाले. भूमिगत पत्रे उजेडात आली आणि जर्मन अंमलाखाली निघत राहिलेल्या पत्रांवर बंधने आली. ‘डे टेलिग्राफ’ या मोठ्या खपाच्या दैनिकाला १९४९ पर्यंत थांबावे लागले. ‘हेट पारोल’, ‘ट्राऊ’ आणि ‘डे वारहाइट’ दैनिके झाली, तर ‘फ्रै नेदरलँड’ साप्ताहिक. यांपैकी ‘डे वारहाइट’ १९९० मध्ये बंद पडले; उरलेली तिन्ही पत्रे वेगवेगळ्या स्वरूपांत आजही निघतात. अॅन फ्रँक हिच्या अप्रकाशित दैनंदिनीविषयीचा पहिला लेखही एप्रिल १९४६ मध्ये ‘हेट पारोल’च्याच पहिल्या पानावर आला होता.

या पत्रांची खरी परीक्षा मात्र पुढेच होती. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले. नेदरलँड्सने आपली ही वसाहत परत मिळविण्यासाठी जुलै १९४७ मध्ये लष्करी कारवाई सुरू केली आणि तिला ‘पोलीस कारवाई’ असे सौम्य नाव दिले. कालपर्यंत परकीय अंमलाविरुद्ध लिहिणाऱ्यांपुढे आज स्वदेशाच्या परकीय अंमलाविषयी लिहिण्याचा प्रसंग आला. फान रान्डवाइक यांनी २६ जुलै १९४७ च्या ‘फ्रै नेदरलँड’मध्ये या कारवाईचा कडाडून निषेध केला, आपण डच आहोत म्हणूनच हे बोलणे भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेपायी त्या पत्राने बरेच वर्गणीदार गमावले. ‘डे वारहाइट’नेही विरोध केला. ज्या ‘ट्राऊ’ने ऑगस्ट १९४४ मध्ये एवढे मोल दिले होते, ते पत्र मात्र इंडोनेशियन प्रजासत्ताकाविरुद्ध कठोर धोरणाचे समर्थन करीत राहिले.

भारतीय वाचकाला या प्रसंगाचे विशेष महत्त्व वाटावे. इंडोनेशियाच्या प्रश्नावर जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंच्या पुढाकाराने नवी दिल्लीत आशियाई राष्ट्रांची परिषद भरली होती. त्याच वर्षअखेरीस डचांनी सार्वभौमत्व हस्तांतरित केले. त्या युद्धातील पद्धतशीर अतिरेकी हिंसेबद्दल डच पंतप्रधानांनी दिलगिरी व्यक्त केली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी प्राण देण्याची तयारी आणि दुसऱ्याचे स्वातंत्र्य ओळखण्याची दृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी आपोआप उगवत नाही, हे या इतिहासातून दिसून येते.

७. जतन आणि आपल्यापुढील काम

गुप्त कागद हा नष्ट करण्यासाठीच असतो. तरीही डच भूमिगत पत्रांचा अभ्यास आज इतक्या तपशिलाने होऊ शकतो, याचे श्रेय वेळीच झालेल्या संकलनाला आहे. युद्ध चालू असतानाच, मार्च १९४४ मध्ये, लंडनहून मंत्री बोल्केस्टाइन यांनी रेडिओवरून सामान्य नागरिकांना दैनंदिन्या व पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले होते. तेच भाषण ऐकून अॅन फ्रँकने आपली दैनंदिनी नव्याने लिहावयास घेतली. मुक्तीनंतर लगेच, मे १९४५ मध्येच, युद्धकालीन कागदपत्रांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९५४ मध्ये भूमिगत पत्रांची विस्तृत सूची प्रसिद्ध झाली आणि आज त्या पत्रांची पाने संगणकावर घरबसल्या वाचता येतात.

याच काळात आपल्याकडे १९४२ चे आंदोलन चालू होते. राजकीय संदर्भ सर्वस्वी भिन्न असला, तरी साधनांमध्ये साम्य आहे. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात चालविलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र सर्वज्ञात आहे. परंतु त्या काळात सायक्लोस्टाईलवर निघून हातोहाती फिरलेली मराठी पत्रके आणि बुलेटिने कोणी लिहिली, कोणी वाटली, कोणत्या घरी थांबली, याचा माग अनेक जिल्ह्यांत अद्याप काढावयाचा आहे. ती वाटणारी पिढी आता जवळजवळ राहिलेली नाही. ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी जुन्या घरांतील ट्रंका, वाचनालयांच्या माळ्यांवरील गठ्ठे आणि पोलीस दप्तरातील जप्तीच्या नोंदी पाहावयाचे ठरविले, तर हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

निष्कर्ष

१) जर्मनव्याप्त नेदरलँड्समधील भूमिगत वृत्तपत्रे प्रथम मतपत्रे होती, मे १९४३ मधील रेडिओजप्तीनंतर ती अधिकाधिक वार्तापत्रे बनली.

२) त्यांची वितरणसाखळी ही प्रतिकाराच्या अन्य कार्यांना आधार देणारी विश्वासाची रचना होती, म्हणून मजकुराइतकाच वितरणाचाही अभ्यास होणे अगत्याचे आहे.

३) सेन्सॉरपासून मुक्त असूनही ही पत्रे आपापल्या समाजगटाच्या दृष्टीने बांधलेली होती. ज्यूंच्या हद्दपारीला मिळालेली जागा आणि इंडोनेशियाविषयीच्या परस्परविरोधी भूमिका यांतून हे दिसते.

४) ऑगस्ट १९४४ मधील ‘ट्राऊ’चा निर्णय तर्कसंगत होता, परंतु त्याची किंमत निर्णय घेणाऱ्यांखेरीज इतरांनीही दिली, याचे विस्मरण होता कामा नये.

समारोप

आपल्या हाती रोज सकाळी येणारे वृत्तपत्र आपण विकत घेतो, चाळतो आणि रद्दीत टाकतो. ते बाळगणे हाच गुन्हा होता आणि ते शेजाऱ्याला देणे म्हणजे आपला जीव त्याच्या हाती देणे होते, अशा काळात लाखो लोकांनी ते घेतले, वाचले आणि पुढे दिले. फुख्तच्या छावणीत ठार झालेल्या २३ जणांपैकी बहुतेकांची नावे डच विद्यार्थ्यांनाही पाठ नसतील. ते लेखक नव्हते, संपादकही नव्हते. ते अंक पोचविणारे होते. वृत्तपत्रांच्या इतिहासात संपादकांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली आहेत. पोचविणाऱ्यांचा इतिहास लिहिला जाणे अजून बाकी आहे.